जाड कोट अन् बोटीवरची थंडी

दोस्तहो, आपला प्रकाश पुढच्या महिन्यात माझ्या बोटीवर कामाले येणार, म्हणून हे पत्र टपरीवर मोठ्यानं वाचा.

थंड मुलखात घुमायले निघालेल्या लोकांची बोट आहे ही. आज सकाळी ऊन होतं, म्हणून गांधीबागेच्या बाजारातून घेतलेला जाड कोट काढून डेकवर ठेवला. तासाभरात गारा पडल्या. कोट चिंब झाला अन् दुसरं गरम काहीच नव्हतं. मुकादम म्हणे, "आजारी पडलास तर पुढच्या बंदरात उतरवीन."

मग तीन सदरे एकावर एक चढवले अन् उन्हाळ्यात गरम वाऱ्यापासून वाचायले बांधतो तो दुपट्टा कानाले बांधला. माझ्यासंगं काम करणारा गोव्याचा अंतोन हसला, "नागपूरकरा, इथं लू लागते काय रे?" दुपारी त्यानंच दुपट्टा मागून नेला.

प्रकाश, कोट राहू दे गा. पातळ कपडे भर, एकावर एक चढवता येतात अन् ओले झाले तरी वाळतात. अन् दुपट्टे दोन आण, अंतोन काही माझा परत देत नाही.