अर्धेच खरे निघाले

२६ नोव्हेंबर २००३. काचेच्या टाकीत जिवंत वसाहती एकोणीस. गडमुडशिंगीच्या घरात जिवंत माणसे चार, पाचवे पोटात.

टाकी कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत होती. समुद्री शेवाळाच्या पानांवर जाळीसारखे पसरणारे प्राणी महादेवी तीत वाढवी. खारे पाणी रत्नागिरीहून कॅनमधून येई. प्रत्येक वसाहत म्हणजे एकमेकांना चिकटलेले शेकडो इवले जीव; त्यांतले काही नर, काही मादी. परिस्थितीने त्यांत काय बदलते, हा तिच्या संशोधनाचा विषय.

त्या दिवशी जेवताना सासूने, गौरव्वांनी, सहज विचारले, "दिवसभर त्या खाऱ्या पाण्यात काय बघतीस गं?"

"अत्ती, त्यास्नी खायला कमी दिलं, हाल केलं, की जीव बारकं ऱ्हात्यात. आणि नर जास्त निघत्यात."

"व्हय? मग तुझं दूध आजपासनं बंद की! शिवांजलीच्या वक्ताला तांब्याभर पीत होतीस, झाली पोरगी."

"आई, ती खरं मानंल हां," नवरा रुद्रेश म्हणाला.

"मानू दे की!"

सगळे हसले. महादेवीही हसली.

दुसऱ्या दिवशी दूध आले नाही. नंतर भाकरीही मोजून येऊ लागली. पुढे तिचे अंथरूण गुळाच्या खोलीत, ढेपांच्या आडोशाला गेले आणि कोल्हापूरला जाणे थांबले. तिने समजावले, "अत्ती, माणसाचं तसं न्हाय. गर्भ ऱ्हातानाच ठरतंय ते, आणि बापाकडनं."

"आता माझ्या लेकावर घालतीस व्हय?"

तिने जयसिंगपूरला वडिलांना फोन लावला. सगळे ऐकून शिवय्या म्हणाले, "तूच सांगितलंस न्हवं? मग आता काय बोलायचं?" ज्या ज्ञानाच्या बळावर ती बाहेर पडू शकली असती, तेच घराने कुलूप म्हणून वापरले, आणि ते तिच्याच तोंडून मिळाले असल्याने तक्रारीलाही जागा उरली नाही. टाकीतल्या जिवांचे अन्न ती तोडे, तेव्हा ते पुन्हा सुरू करणेही तिच्या हाती असे. इथे ते कुणाच्या हाती आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

मार्चमध्ये मुलगी झाली. वजन फार कमी. आईला अन्न पुरले नाही, असे डॉक्टर म्हणाले.

गौरव्वांनी दुपटे उघडून पाहिले. "अर्धंच खरं निघालं की तुझं. बारकी तेवढी झाली."

पुढे महादेवी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा टाकी धुऊन पालथी घातलेली होती. मुलीचे नाव सौंदर्या ठेवले. ती आजही वयाच्या मानाने लहान दिसते. तिच्या वाट्याचे जे दूध आणि जी भाकरी त्या हिवाळ्यात रोखून धरली गेली, त्यांचे ऋण या घराने अद्याप फेडलेले नाही.