दोरी तुमी वढा

दोरीमामांनी स्वतः दोरी ओढून मशीन चालू केल्याचं नेकनुरात मी कधी पाहिलं नाही. झाड तोडायची मशीन असो, गवत कापायची असो की फवारणीचा पंप, काम आटोपलं की मामा हात पुसत मागे सरकायचे आणि मालकाला म्हणायचे, "दोरी तुमी वढा." मालक ओढायचा, मशीन फुरफुरून चालू व्हायची आणि तो गडी स्वतःच ती नीट केल्यासारखा छाती काढून घरी जायचा. कोणी विचारलंच तर मामांचं उत्तर तयार असे, "आपण डाक्टर हाय. डाक्टर कधी पेशंटच्या बदली खोकतो का?"

मला या माणसाचा भयंकर हेवा वाटायचा. माझंही मशीन दुरुस्तीचंच दुकान, स्टँडजवळ, पाटी लावलेलं, हत्यारं नवी. मामांचा कारभार घरच्या अंगणात, लिंबाखाली, पोत्यावर. तरी गिऱ्हाइकं माझ्या दारावरून तिकडे जायची. लोकांनी भंगारात टाकलेल्या मशिनीसुद्धा मामा उघडायचे, घासून काढायचे, चालू करायचे आणि शेवटी खिडक्यांना लावून उरलेला हिरवा रंग त्यांना फासायचे. कुठल्याही शिवारात गेलो की तो रंग माझ्या डोळ्यांत खुपायचा. "माझी मशीन लांबून वळखू येती. तुझी येती का?" हे ते मलाच विचारायचे, तेही चारचौघांत.

एकदा मी त्यांची नक्कल करून पाहिली. पंप नीट करून गिऱ्हाइकाला म्हटलं, दोरी तुम्ही ओढा. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "काम केलंय ना नक्की?" ही गोष्ट मामांच्या कानावर गेली आणि ते आठवडाभर मला पाहून हसत होते.

गिऱ्हाइकांचं एक वेळ सोसलं असतं. पण माझे वडील, अण्णा, रोज सकाळी चहा झाला की मामांच्या अंगणात जाऊन बसायचे. तरुणपणी दोघं मिळून झाडं तोडायची कामं घ्यायचे, तेव्हापासूनची दोस्ती. आमच्या घरची मशीनसुद्धा अण्णा तिकडेच न्यायचे. शेवटी मी विचारलं, "अण्णा, घरात मिस्त्री असताना मशीन तिकडं कावून नेता?"

"तिथं मन रमतं माझं," अण्णा म्हणाले आणि चपला घालून निघाले. मी खास त्यांच्यासाठी दुकानात बाक आणून ठेवला होता. त्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या असायच्या.

गेल्या वर्षी मामांची लेक त्यांना कायमचं आष्टीला न्यायला आली. मी स्टँडवर निरोप द्यायला गेलो. खोटं कशाला बोलू, मनातून मला बरंच वाटत होतं. बसच्या दारात मामांनी दांडी धरायला उजवा हात उचलला, तो छातीच्या वर गेलाच नाही. अण्णांनी त्यांच्या बगलेत हात घातला आणि रोजचंच काम असल्यासारखं त्यांना वर चढवलं. मामा खिडकीत बसले आणि मला म्हणाले, "घे, तुझा बाप तुला वापस केला."

बस गेल्यावर मी अण्णांना त्या हाताचं विचारलं.

"झाडावरून पडला तवापासून खांदा गेलाय त्याचा. नीट करताना मशीन सारखी चालू करून बघावी लागती. ती दोरी मी वढायचो. नीट झाली की मालक वढायचा."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"त्यानं नको म्हणलं. ज्याला दोरी वढवत न्हाई तो मशीन काय नीट करणार, असं लोक म्हणले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खरंच दुकानात आले. मी घाईघाईनं बाकावरच्या पिशव्या उचलल्या. समोर झाड तोडायची एक मशीन उघडलेली होती. तिचा प्लग बदलला, झाकण बसवलं आणि सवयीनं दोरी ओढली. एका झटक्यात चालू झाली. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहत होते.

"तुला काय कुणी लागत न्हाई," ते म्हणाले. कौतुकानंच म्हणाले. चहा संपवला आणि घरी गेले, ते पुन्हा बसायला आले नाहीत.

मामा आष्टीला गेले तरी माझा हेवा काही गेला नाही. आता मला त्यांच्या त्या अधू खांद्याचा हेवा वाटतो.