हत्यारांच्या पिशवीचं प्रस्थान

सिंगापूरला मी जी नोकरी केली, ती पुण्यातल्या नातेवाइकांना मला कधीच धड समजावून सांगता आली नाही. "युनियनमध्ये आहे" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लाल झेंडे आणि गेटवरच्या घोषणा उभ्या राहायच्या. माझी मावशी तर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "परक्या देशात कशाला गं असल्या भानगडीत पडतेस?" प्रत्यक्षात मी दिवसभर एसीत बसून फोन करत असे. आमच्या युनियनचा एक विभाग इलेक्ट्रिशियन सभासदांना काम मिळवून द्यायचा आणि त्या विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी होते.

काम म्हणजे थेट वधूवर सूचक मंडळ. एखाद्या कंत्राटदाराने गाशा गुंडाळला की त्याचा वायरमन आमच्याकडे यायचा. दुसऱ्या बाजूने मॉल, कॉन्डो, कारखाने यांचे फोन यायचे, की आम्हाला माणूस हवा. दोघांची गाठ घालून द्यायची, मुलाखतीला आपण स्वतः सोबत जायचं आणि पगार, सुट्ट्या, विमा या बाबतीत आमच्या माणसाला कुणी गुंडाळत नाही ना, ते बघायचं. मागण्याही अगदी स्थळं बघताना असतात तशाच. मालकांना माणूस तरुण हवा, पण अनुभव म्हाताऱ्याचा हवा. वायरमनांचं तर विचारूच नका. सेरंगूनच्या मॉलमधली चांगली नोकरी एकाने नाकारली, कारण तिथल्या फूड कोर्टातले नूडल्स त्याला आवडले नाहीत. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात नूडल्स बरे असलेली नोकरी माझ्याकडूनच मिळवली.

या सगळ्यात एकच नियम पक्का होता. आम्ही दिलेला माणूस ठरलेल्या दिवशी कामावर हजर झालाच पाहिजे. युनियनने शब्द दिलेला असायचा. पहिल्याच दिवशी माणूस आला नाही, की तो मालक पुन्हा आम्हाला फोन करायचा नाही आणि त्या माणसासाठी पुन्हा शब्द टाकणं आम्हालाही अवघड व्हायचं.

अशा वेळी एक चिनी अंकल आमच्याकडे आला. साठीला टेकलेला, तुळतुळीत टक्कल, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. तरुणपणापासून तो एकाच छोट्या कंत्राटदाराकडे होता. मालक थकला, त्याच्या मुलांना धंद्यात रस नव्हता, दुकान बंद झालं. तेव्हापासून अंकल शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करत होता आणि उरलेला वेळ इमारतीखालच्या बाकावर काढत होता. तो राहायचा माझ्याच भागात, बुकित पंजांगला, माझ्या घरापासून एलआरटीच्या पुढच्या स्टेशनपाशी. येता-जाता मला तो दिसायचा.

युनियनमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर नाहीतर सिस्टर म्हणतात. अंकल पहिल्याच भेटीत, शेवटी सिंगापुरी "लाह" जोडून म्हणाला, "सिस्टर, काम कुठलंही चालेल. खाली बसून दिवसभर कॉफी पिणारा अंकल मला नाही व्हायचंय लाह."

त्याच्या वयामुळे तीन-चार ठिकाणांहून नकार आला. मग चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या इमारतीतून फोन आला. त्यांना कायमचा इलेक्ट्रिशियन हवा होता. तिथला व्यवस्थापक निघाला मराठी, मुलुंडचा. मुलाखतीत त्याने अंकलला इमारतीतून फिरवलं, दोघांनी वायरिंगवर मनसोक्त गप्पा मारल्या आणि बाहेर येऊन तो मला म्हणाला, "मॅडम, माणूस एक नंबर आहे. वयाचं मी बघतो. फक्त एक तारखेला त्याला हजर करा. तोपर्यंत माणूस आला नाही, तर आमचं हेड ऑफिस ही जागा रद्द करून सगळं काम बाहेरच्या कंपनीला देणार आहे."

मी खुशीत. अंकल तर एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, माझ्या शेजारी बसून स्वतःशीच हसत होता. डाऊनटाऊन लाईन तेव्हा चांगीजवळून निघून थेट बुकित पंजांगला येऊन संपायची. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनुष्य हसतच होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "सिस्टर, एक तारीख कॅनॉट."

"का?"

"सातवा महिना."

चिनी पंचांगातला सातवा महिना म्हणजे मेलेल्यांना महिनाभर सुट्टी असते, ते पृथ्वीवर हिंडायला येतात. तो त्या वर्षी पुढच्या आठवड्यात सुरू होत होता आणि एक तारीख बरोब्बर त्याच्या पोटात येत होती. आपल्या पितृपक्षासारखंच सगळं. नवं घर नाही, लग्न नाही, नवी नोकरी नाही. फुटपाथवर जेवणाची पानं मांडतात, पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जाळतात, मैदानात गाण्याचे कार्यक्रम होतात आणि त्यात पुढची रांग या न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी रिकामी ठेवतात. मला हे सगळं बघायला फार आवडायचं. पण तो महिना माझ्याच टेबलावर येऊन बसल्यावर माझं डोकंच फिरलं.

"मग आधी रुजू व्हा," मी म्हटलं. तेही जमेना. बँकेची इमारत, सुरक्षा तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला कामाला लावत नाहीत आणि तिला एक तारीख उजाडणार होती. नंतर रुजू व्हावं, तर जागाच उरणार नव्हती. मी अंकलला म्हटलं, तुम्ही एवढे जाणते, विजेशी खेळणारे, भुतांना काय घाबरता?

"मी नाही घाबरत," तो ओशाळून म्हणाला. "आई नको म्हणते."

साठीच्या माणसाला आई नको म्हणते! मी फोन ठेवला तो जवळजवळ आपटलाच.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी माझा सगळा राग आमटीभातावर निघाला. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. इथे त्यांना शेजार नव्हता, भाजीवाल्याशी घासाघीस नव्हती, त्यामुळे माझ्या ऑफिसच्या गोष्टी त्या टीव्ही मालिकेसारख्या ऐकत. माझा मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "जस्ट टेल हिम गो वर्क लाह." सासूबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, भातावर तूप वाढलं आणि म्हणाल्या, "मग प्रस्थान ठेवा की."

प्रस्थान हा शब्द मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवासाला सुरुवात त्याच दिवशी झाली. मग आपण खुशाल वाईट दिवशी निघावं, कारण आपण नव्याने निघत नसतो, आधीच निघालेले असतो. पंचांगाला असा वळसा घालायची युक्ती आपल्या लोकांइतकी कुणाला जमणार!

"त्याची हत्यारांची पिशवी आधी जाऊ दे कामावर," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आईशी मी बोलते."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि अंकलच्या आईला होक्कियन ही चिनी बोली सोडून काही येत नव्हतं. तरी रविवारी सकाळी आम्ही दोघी अंकलच्या घरी गेलो. सासूबाईंनी डब्यात रव्याचे लाडू घेतले होते.

आई नव्वदीची, चिमणीएवढी, पण आवाज खणखणीत. भिंतीजवळच्या देव्हाऱ्यात एका तरुण माणसाचा फोटो होता, पुढे संत्री. अंकलने खाली बघत सांगितलं, हे माझे वडील. तेही इलेक्ट्रिशियन. सातव्या महिन्यात एका गोदीत नव्या नोकरीवर गेले. पहिल्याच दिवशी शॉक लागला. हत्यारं घरी आली, ते आले नाहीत. आईने मला हे काम शिकायला कधी अडवलं नाही, तिची अट एकच, सातव्या महिन्यात नवी नोकरी नाही. दर वर्षी त्या महिन्यात ती वडिलांच्या आवडीचं सगळं रांधते आणि फोटोपुढे वाढते.

मी घरून बरीच भाषणं तयार करून नेली होती. ती सगळी गिळली आणि अंकलने हातात दिलेलं संत्रं सोलत बसले. मला त्या बाईला काहीही पटवून द्यायचं नव्हतं. आणि तरी अंकल माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता, ते बघून ही नोकरी सोडून द्या असंही म्हणवेना.

सासूबाईंनी मराठीत सुरुवात केली. मी ते इंग्रजीत सांगायचं, अंकलने होक्कियनमध्ये. त्यांच्या भल्या मोठ्या वाक्याचे पलीकडे पोचेपर्यंत दोनच शब्द उरत आणि म्हातारी संशयाने मुलाकडे बघे. शेवटी सासूबाई वैतागल्या. उठल्या, आपली पर्स घेतली, दाराबाहेर जिन्यापाशी नेऊन ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. बाहेरच्या पर्सकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग दोन बोटांनी चालल्याची खूण केली. मी गेलेच आहे, आता मागून येते.

म्हातारी बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने मुलाला काहीतरी विचारलं.

"आई विचारते," अंकल म्हणाला, "पिशवी तिकडे असताना तिच्यासोबत कोण?"

"कुणी नाही. पिशवीच तर आहे," मी म्हटलं.

हे काही तिला आवडलं नसावं. ती फोटोपुढची संत्री नीट लावत बसली. मग ती वळली आणि चालेल अशा अर्थाचा, तिला येत असलेला एकमेव इंग्रजी शब्द म्हणाली, "कॅन." आणि पुढे होक्कियनमध्ये काहीतरी दरडावून सांगितलं. अंकलने भाषांतर केलं, "पिशवी ती भरणार. भरताना मी हात लावायचा नाही, आत बघायचंही नाही."

मुलुंडच्या व्यवस्थापकाला फोन करताना मला थोडी धाकधूक होती. मी म्हटलं, "तुमच्याकडे एक पिशवी आणून ठेवायची आहे. म्हणजे, प्रस्थान."

तो एवढ्या मोठ्याने हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो मॅडम, आमची आजी ठेवायची! दहावीच्या परीक्षेला माझी कंपास पेटी तिने आदल्या दिवशी शेजारच्या काकूंकडे ठेवली होती. आणा, आणा. माझ्या केबिनमधल्या कपाटात ठेवतो."

सातवा महिना लागायच्या आत, चांगला दिवस बघून, अंकल आणि मी पिशवी घेऊन निघालो. चांगला दिवस दोन्ही पंचांगांतून निघाला पाहिजे असा सासूबाईंचा हट्ट होता. पिशवी चांगलीच जड होती, पण अंकलने ती मला क्षणभरही धरू दिली नाही. इमारतीच्या दारातल्या पहारेकऱ्याला काही कळेना. हा माणूस अजून इथे कामाला नाही, मग त्याची हत्यारं आत कशाला? व्यवस्थापक स्वतः खाली आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हे आमच्याकडचं प्रोसिजर आहे." पिशवी आत गेली.

पुढे महिना सुरू झाला, कागद जळू लागले, गाणी वाजू लागली. मी वरवर थट्टा करत होते, पण खरं सांगायचं तर एक तारखेला सकाळी माझं कशात लक्ष नव्हतं. म्हातारीने ऐन वेळी दार अडवलं तर? आणि नाही अडवलं, आणि तिकडे काही झालं तर? इतका भाबडा विचार मी आयुष्यात केला नव्हता. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा गार झाला.

दहाच्या सुमारास व्यवस्थापकाचा फोन आला. "आला तुमचा माणूस. अगदी वेळेवर. पण मॅडम, पिशवी उघडली आणि खालीच बसला. आत एक जुनी पक्कड होती, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. म्हणाला, वडिलांची आहे, ती घरात आहे हेच मला माहीत नव्हतं. तसली पक्कड आमच्या सुरक्षेच्या नियमात बसत नाही, म्हणून त्याने ती लॉकरमध्ये ठेवली. थोडं पाणी प्यायला आणि लागला कामाला."

संध्याकाळी खुद्द अंकलचा फोन. आवाजात दिवसभराचा थकवा आणि आनंद. "सिस्टर, मी आईला विचारलं, पक्कड कशाला घातलीस? ती म्हणते, तुझा बाप दर वर्षी सातव्या महिन्यात येतो, जेवतो, जातो. यंदा मीच त्याला म्हटलं, आधी पोराच्या नोकरीवर जाऊन बस. सगळं तपासून ठेव. त्याच्याकडे लक्ष दे."

मला हसू आलं. दोघांनी घाईघाईने फोन ठेवले.

सासूबाई डायनिंग टेबलावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचे हात जरा थांबले, त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा पानं खुडायला लागल्या.

"बरोबर केलं तिने," त्या म्हणाल्या. मग काहीतरी आठवून त्यांनी विचारलं, "आणि डबा गं? सकाळी तिने डबा एकट्या पोराचाच दिला होता का?"

दुसऱ्या दिवशी मी अंकलला मुद्दाम फोन करून विचारलं. डबा दोघांचा होता.