मुठी नसलेली गाडी

ड्रायव्हरमामांच्या चाकांच्या खुर्चीला मागून ढकलायच्या मुठी नव्हत्या. विकत घेतली तेव्हा होत्या. त्यांनी त्या डिचोलीच्या वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतल्या आणि कापलेल्या टोकांवर तांबडा रंग मारला. चढणीवर कोणी भला माणूस मदतीला धावला, तर त्याचे हात धरायची जागा शोधत हवेतच राहत. मामा मागे न बघता म्हणत, "हात लावू नको रे, गाडी चालू आसा."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मयेच्या वाटेवरच्या आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, सगळेच त्यांना मामा म्हणत. तरुणपणी दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. एका पावसाळ्यात खाणीच्या उतारावर ट्रक उलटला. मामा वाचले, पाय तेवढे कायमचे गेले. पुढे खाणी बंद पडल्या, वाड्यातले ट्रक दारादारांत गंजू लागले आणि धडधाकट ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसले. मामा त्यांना चिडवत, "सगळ्यांचे गाडये बंद पडले, माझी तेवडी चालू आसा!" तिला कोणी कदेल, म्हणजे खुर्ची, म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "कदेल बसूक आसता. ही गाडी."

आणि ती गाडीच होती. शनिवारी नवं लिंबू-मिरची, वळणावर हात बाहेर काढून इशारा, समोरून म्हैस आली तरी तोंडाने हॉर्न. सकाळी पाववाला पोदेर भोंपू वाजवत वाड्यात यायच्या आधी मामा तिठ्यावर हजर, आणि चार घरांचे पाव मांडीवर घेऊन परत. मी कचेरीतला कारकून, उशिरा उठणारा. "तुझे दोन पाय चालूक कंटाळतत, माझी दोन चाकां बघ," असा टोमणा मारून ते माझे पाव माझ्या हातात ठेवत. मला त्याचा राग कधीच आला नाही.

मुठी गेल्या त्या त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, शिल्पाच्या लग्नानंतर. मामी आधीच वारल्या होत्या, त्यामुळे मांडवात मामांवाचून अडणार होतं. पण हॉलला आठ पायऱ्या. वरपक्षाच्या चौघांनी मुठी आणि चाकं धरून त्यांना खुर्चीसकट उचललं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "सांभाळून रे, सामान पडात!" लोक हसले. त्यात वाईट हेतू नसेलही, पण वर पोचेपर्यंत मामांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते मी पाहिलं. पाठवणीच्या वेळी ते शिल्पाला एवढंच म्हणाले, "तुझ्या दारात येतलंय तो माझ्या हातांनी येतलंय." घरी आल्यावर मला म्हणाले, "चौघांनी उचलूचा ता एकदाच. तो दीस अजून येवक नाय." पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुठी कापून घेतल्या.

शिल्पा नवऱ्याच्या नोकरीपायी दूर उत्तरेकडे गेली. रेल्वेने दोन दिवसांचा प्रवास, आणि डब्यातल्या संडासाच्या दारातून गाडी आत जात नाही. नात पाच वर्षांची झाली तरी मामांनी तिला फोनवरच पाहिलेलं. मग पेडण्याला मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. शिल्पाने घरमालकाच्या मागे लागून आपल्या दाराशी सिमेंटचा उतार बांधून घेतला आणि त्याचा फोटो पाठवला. मामा तिठ्यावर दिसेल त्याला तो फोटो दाखवत सुटले. "माझ्या गाडयेसाठी बांधल्यान!" सोबतीला मी जायचं ठरलं.

टॅक्सीत त्यांनी मला तीनदा विचारलं, "गाडी माझ्यासांगात रवतली मा?" मी तिन्ही वेळा म्हणालो, "रवतली, रवतली."

विमानतळावर मामा काचेजवळ गाडी लावून बाहेरची विमानं बघत होते. काउंटरवरच्या मुलीने मला हिंदीत नम्रपणे विचारलं, की खुर्ची इथेच सामानात देता, की यांना त्यांच्याच खुर्चीतून विमानाच्या दारापर्यंत नेता आणि तिथे देता? दारापर्यंत न्यायची तर साहेबांना विचारून यावं लागेल, दहा मिनिटं थांबा. माझ्या मागे रांग होती. एका माणसाने घड्याळात पाहिलं. मी जन्माचा भिडस्त. लोक आपल्यामुळे खोळंबले की मला घाम फुटतो. मी म्हणालो, "नको, इथेच घ्या." मग काचेपाशी जाऊन सांगितलं, "मामा, गाडी हयसरच देवची लागता." लागता, असं म्हणालो मी. मामांनी लिंबू सरळ केलं, ब्रेक तपासला आणि विमानतळाच्या खुर्चीत सरकून बसले.

वाटेत एका शहरात विमान बदललं. शेवटच्या विमानतळावर सगळे प्रवासी निघून गेल्यावर गाडी आली. डावं चाक वाकलेलं, सांगाड्याला तडा. लिंबू-मिरची मात्र जशीच्या तशी. आणून देणारा हमाल खरं ते बोलला. म्हणाला, हिला धरायला मागे काही नाहीच, चाक धरून ओढली असणार. एवढं हिंदी मामांना कळत होतं. मी तक्रारीचा कागद भरत दिसेल त्याच्यावर ओरडत होतो. मामा कापलेल्या टोकांवरून अंगठा फिरवत बसले होते. "खरा आसा त्येचा," ते म्हणाले. "मी धरूक कायच ठेवक नाय."

विमानतळाची खुर्ची आवाराबाहेर नेता येत नव्हती. शेवटी शिल्पाच्या दाराशी जावई, टॅक्सीवाला, वॉचमन आणि मी अशा चौघांनी मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि त्या नव्याकोऱ्या उतारावरून वर नेलं. या खेपेस त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते खाली सिमेंटकडे बघत होते. शिल्पाला रडू आवरेना. "रडतंस कित्याक गो? उतार बरो केलंस," ते म्हणाले. आठ दिवस आम्ही तिथे होतो, आणि नात रोज त्यांना विचारायची की आजोबा, तुमची गाडी कधी चालणार?

परतल्यावर वेल्डिंगवाल्याने सांगाडा सांधला, पण गाडी डावीकडे ओढू लागली. दहा पावलं गेली की गटाराकडे. मामांचं तिठ्यावर जाणं थांबलं, पाव पोदेरच दारात देऊ लागला. एका सकाळी बघतो तर गाडीला मागे दोन मुठी, काळ्या रबराच्या, नव्या. त्यांनी स्वतःच सांगून बसवून घेतल्या होत्या. "मुठी कापलंय, थंय माझा चुकला," मामा म्हणाले. "आता तिठ्यार व्हर माका. ढकल."

मी मुठी धरल्या. सांगायची वेळ तीच होती. मामा, त्या मुलीने विचारलं होतं, मीच नको म्हणालो. दारापर्यंत नेली असती तर गाडी मोडलीच नसती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते ठरवायचं त्यांचं होतं, आणि मी ते घड्याळ बघणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी ठरवून टाकलं. मला लाज वाटली आणि न सांगताच मी गाडी ढकलू लागलो. वळणावर मामांनी सवयीने हात बाहेर काढला, मग आठवण झाल्यासारखा आत घेतला.

पुढचा शिगमो, आमचा होळीचा सण, त्यांनी पाहिला नाही. शिल्पा विमानाने आली. अंगणात माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "दादा, बाबा फोनार सांगीत, तू होतंस म्हणान ते थंय पोचले." हाक आली तसा मी पुढे झालो आणि चौघांतला एक होऊन खांदा दिला. मामांना एकदाच उचलायचं होतं. ही तिसरी खेप होती, आणि मधली माझ्यामुळे झाली होती.