दोघींचा हेल
वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला आजी गेली ती सकाळ आठवते. नबाबाच्या राजवटीतली गोष्ट. आगरदांड्याला आमच्या ओटीवर आजीला निजवलं होतं आणि अंगणातले बोंबील काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आजीच्या नथीवरून आई आणि मावशीचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. मावशी दिघीहून होडीने आली, आईसमोर बसली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोघी आजीला हाका मारत हेल काढून रडू लागल्या. "आये गो, तुझी नथ नेली ती आता तोंड बघाया आली गो," आई म्हणाली. त्याच चालीत मावशीचं उत्तर आलं, "आये गो, नथ तूच दिलीस, हिनं तुला धड जेवाया घातलं न्हाय गो." शेजारणी रडायचं सोडून ऐकू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "भांडू नका गो, रडा." तशा दोघी एका सुरात म्हणाल्या, "आमी कुटं भांडतोय, आये गो." तिरडी उचलली आणि दोघींचं बोलणं पुन्हा बंद झालं, ते कायमचं. पुढे आई गेली तेव्हाही मावशी आली. उशाशी बसून तिने हेल काढला, "बाय गो, माझी नथ..." आणि थांबली. समोरून उत्तर येईल म्हणून ती कितीतरी वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली.