उपडं मडकं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून. घरातल्यांसमोर तोंड उघडलं की ते लगेच म्हणतील, जाऊ दे गं आई, एवढंसं तर होतं. मला ते ऐकायचं नाहीये.

एवढंसं होतं का? तुम्हीच ऐका.

गोष्ट चौसष्ट-पासष्ट सालची. मी मूळची रत्नागिरीकडची. वडील भाईंदरला नोकरीला होते, स्टेशनच्या पश्चिमेला आमची एक खोली होती. तिथून लग्न होऊन मी जवळच्याच मुर्धा गावात गेले. लग्न ठरवून झालेलं नव्हतं. आम्ही दोघांनीच ठरवलं होतं, आणि त्या काळात असं करणारी सून म्हणजे घरात साप सोडल्यासारखंच. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. थोरल्या जाऊबाई बोलायच्या, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट. एकटे सासरे — मी त्यांना मामा म्हणायचे — पहिल्याच दिवशी ओसरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोर घरान आली, ती आपली जाली." बस्स. पुन्हा त्या विषयावर त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही.

मामा उंच, काळे, मिठागरात आयुष्य गेल्यामुळे पायांच्या टाचा पार भेगाळलेल्या. मितभाषी. पण खोडकरही बरं का. मी आमटीत नारळ घातला की ताट पुढे ओढून म्हणायचे, रत्नागिरीत पाण्यालापन नारलच फोडतात काय गो? मी रुसायचे आणि ते गालात हसायचे. माझ्या स्वतःच्या वडलांनी कधी माझी अशी थट्टा केली नव्हती. मला ते फार आवडायचे. अजून आवडतात. म्हणून तर हे सांगणं अवघड आहे.

कार्तिकात आवळीभोजन असतं, तुम्हाला ठाऊक असेल. आवळ्याच्या झाडाखाली स्वयंपाक करायचा, झाडाची पूजा करायची आणि तिथेच पंगत. आमचा आवळा वरच्या शेताच्या कडेला होता, पलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. भात कापून झालेला असायचा. ऑक्टोबरची तलखी संपलेली, सकाळी गवतावर दव, नऊ-दहाला ऊन अंगाला बरं वाटायचं. वर्षभर राबणारं घर त्या एका दिवशी नुसतं बसायचं. पुरुष पत्ते खेळायचे, बायका पाय पसरून गप्पा मारायच्या, पोरं बांधांवरून पळायची. तीन दगडांच्या चुलीवर भात शिजायचा, वालाचं बिरडं, भोपळा, तांदळाच्या भाकऱ्या. मला त्या घरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला तो त्या झाडाखाली.

आणि पंगतीचा राजा म्हणजे उकडहंडी. मोठं मातीचं मडकं. त्यात रताळी, करांदे, कोनफळ, सुरण, थरांमध्ये मीठ-ओवा आणि भांबुर्डीचा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं. वरून पेंढा, काटक्या पेटवायच्या, जाळ खाली बसला की भोवती गोवऱ्या रचायच्या. आतलं आपल्याच वाफेवर शिजतं. मधे उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की वाफ गेली, आणि वाफ गेली की सगळंच गेलं.

मग शिजलं हे कळायचं कसं? तर मामांना कळायचं. वासावरून. आधी कच्च्या पाल्याचा उग्र वास येतो, मग तो बदलतो. कधी बदलतो ते फक्त त्यांना समजायचं. ते उठून म्हणायचे, काढा. आणि काढलं की रताळं बोटाने सोलावं असं शिजलेलं असायचं. तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते असं सगळे सांगायचे. मिठागरातही तसंच — वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ कधी ओढायचं ते सांगायचे. गावातले दुसरे मिठागरवाले त्यांना विचारायला यायचे.

आता येते मूळ गोष्टीवर. येतेय — थांबा.

माझं ते पहिलं आवळीभोजन. मला चौथा महिना होता. जाळ खाली बसल्यावर मामांनी गोवऱ्या रचल्या आणि विहिरीवर आंघोळीला निघाले, कारण ओल्या पंच्याने पूजा त्यांनीच करायची असे. जाताना हंडीपाशी कुणाला तरी बसवायला हवं होतं. दरवर्षी तो मान जाऊबाईंचा. त्या वर्षी मामांनी मला बोलावलं. म्हणाले, "तू बस, बाय. मी येतंय तवर कोनाला हात लावू देव नको." जाऊबाईंनी मान फिरवली. मला काय वाटलं असेल सांगू? दागिना घातल्यासारखं वाटलं.

सगळे झाडाच्या पलीकडे, खोडाला पूजेचं सूत गुंडाळायला गेले. मी आणि मडकं.

पोटात पोर होतं, डोहाळे होते, भूक आवरली नाही — असं मी कित्येक वर्षं मनाशी म्हणत आले. पण ते खोटं आहे. सकाळी दोन भाकऱ्या खाऊन मी निघाले होते. भूक नव्हती. मला ते पटतच नव्हतं, हे खरं. पाण्याशिवाय मडक्यात काही शिजतं? आमच्याकडे अळवाचं पातेलंसुद्धा चार वेळा झाकण काढून बघतात. मला धुराचा वास आला आणि वाटलं, जळतंय. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती — वाटलं, आपण बघू, आपण वाचवू, आणि मग सगळे म्हणतील की रत्नागिरीच्या पोरीमुळे हंडी वाचली. एकोणीस वर्षांची होते. किती घाई होती मला त्या घरात कुणीतरी होण्याची.

मी काठीने गोवऱ्या बाजूला केल्या. ओलं गोणपाट हाताला गुंडाळलं आणि मडकं कलतं केलं. तोंडाचा पाला सुटला आणि वाफ भसकन तोंडावर आली. दोन रताळी, एक सुरणाची फोड राखेत घरंगळली. दाबून पाहिली — दगड. मी घाबरले. सगळं कसंबसं आत कोंबलं, पाला चेपला, अर्धा बाहेरच राहिला, मडकं पुन्हा उपडं केलं, गोवऱ्या होत्या तशा रचल्या. कुणी पाहिलं नाही. माझ्या भुवया थोड्या भाजल्या होत्या, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मामा आले. पूजा झाली. हंडीपाशी बसले आणि लगेचच मान वर केली. पाला नीट बसला नव्हता, त्यामुळे आतला वास सरळ बाहेर येत होता — भरपूर, पुरता. ते म्हणाले, आज लवकर जाला. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. वेळेचा हिशेब बसत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाय, तू व्हतीस ना हितं? सगला नीट हाय ना? कोनी हात न्हाय ना लावला?"

मी म्हणाले, नीट आहे. कुणी नाही लावला.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढा विश्वास. म्हणाले, काढा.

मडकं उलटलं. रताळी अर्धी कच्ची, करांदे कडू, आणि सुरण — कच्चा सुरण काय करतो ठाऊक आहे ना? पोरं आधी बसली होती. पाच मिनिटांत सगळ्यांच्या घशाला खाज. एकेक पोर जीभ बाहेर काढून रडतंय, बायका चिंच शोधतायत, शेजारचे काका खोकून लाल. फजितीच होती ती, आणि खरं तर हसू येण्यासारखीच. सगळे हसलेही. थोरले दीर मोठ्याने म्हणाले, "बाबांचा नाक आता पेन्शनीत गेला." त्यावर तर हशाच पिकला. मामाही हसले. चिंचेचं बोटुक चोखत हसले. मी त्यांच्याकडे बघत होते. हसून झाल्यावर त्यांनी एक करांदा उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

तेव्हा सांगायला काय जात होतं माझं? जाऊबाई दोन शब्द बोलल्या असत्या, सासूबाई आणखी महिनाभर अबोला धरत्या. मामा स्वतः तर काहीच बोलले नसते — मला ठाऊक होतं ते. ठाऊक असूनही मी पोरांना चिंच वाटत फिरले.

एका मडक्याने माणूस ढासळतो का? मीही असंच म्हणायचे. पण त्या हंगामात मिठागरात बोट बुडवल्यावर मामा पहिल्यांदा थोरल्याकडे वळून म्हणाले, तूपन बघ जरा. मग ते रोजचंच झालं. थोरले दीर वाईट नव्हते, पण त्यांना हवंच होतं ते. दोन वर्षांत मामांना कुणी विचारेनासं झालं. ते बांधावर बसून राहायचे, बोलावलं तर यायचे.

हंडीचं काम पुढच्या वर्षी थोरल्या दिरांनी घेतलं. नवं मनगटी घड्याळ होतं, ते बघून काढली. खालची अर्धी जळली. तिसऱ्या वर्षी मामांनी मला बोलावलं. म्हणाले, ये, तू बस, मी शिकवतंय. आणि शिकवलं हो — शेजारी बसून, डोळे मिटायला लावून. कसला वास येतो? आता? आता? मला हळूहळू कळायला लागलं. कळलेलं त्यांनाही असायचं, माझ्या आधीच त्यांच्या नाकपुड्या हलायच्या. पण स्वतःहून बोलायचे नाहीत. मी म्हटलं झालं, तर लोकांना ओरडून सांगायचे, सूनबाय बोलली, काढा. सगळीकडे सांगायचे, आमची सून बघा, रत्नागिरीची असून काय नाक हाय पोरीला. जाऊबाईसुद्धा मान डोलवायच्या. मला त्या घरात जे काही स्थान मिळालं ना, ते तिथून मिळालं. मी ते घेतलं. आनंदाने घेतलं.

त्या वर्षांतले ते दिवस फार गोड होते, हेही खोटं नाही. माझ्या दोन्ही मुली त्या झाडाखाली रांगल्या. मामा त्यांना सोललेलं रताळं फुंकून भरवायचे.

मग पंचाहत्तरच्या आसपासचा कार्तिक. मामा थकले होते. त्यांना हाताला धरून शेतावर आणलं, गोधडी अंथरून हंडीपाशी बसवलं. सगळे झाडापलीकडे गेले, सूत गुंडाळायला. आम्ही दोघंच. ऊन छान होतं, खाडीवरून वारा येत होता. बराच वेळ ते गोवऱ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाय, त्या साली काय चुकला गो माझा? सगला तसाच केलता. इतकी वर्सां इचार करतंय, कलत न्हाय मना."

दहा वर्षं. दहा वर्षं तो माणूस शोधत होता. आणि विचारत कुणाला होता?

तोंड उघडलं होतं मी. शपथेवर सांगते, उघडलं होतं. आणि त्यातून निघालं ते हे — "पेंढा ओला असेल, मामा. जाळ नीट लागला नसेल."

माझ्या मनात होतं, हलकं वाटेल त्यांना. चूक नाकाची नव्हती, पेंढ्याची होती, सुटले. त्यांनी शेजारच्या पेंढ्यातली एक काडी घेतली, बोटांत चुरगळली.

"पेंढा त मीच बघून आनलता," ते म्हणाले. "हातान चोलून बघितलता. म्हंजे हातपन गेलता तवाच."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बरा केलास सांगितलास, इतके दिवस जीवाला घोर व्हता. मला म्हणाले, बघ आता, तुझी हंडी होत आली. खरंच होत आली होती. मी हाक मारली, माणसं आली, मडकं उलटलं. मामांनी दीड रताळं खाल्लं आणि पंगतीत सगळ्यांना सांगितलं की त्या साली पेंढा ओला होता, मीच ओला आणलेला. थोरले दीर म्हणाले, बघा, मी तेव्हाच बोललो होतो. मामांनी मान हलवली. माघात ते गेले.

पेंढा कडकडीत कोरडा होता. मडकं मी उचललं होतं.