खाली ठेवलेली कॉफी

जॉर्डनमध्ये करक ते अम्मान बस चालवण्यात अबू नाएफची हयात गेली. वळणावळणाच्या घाटात अडकलेली गाडी तो लीलया मागे घ्यायचा. तोंडातून सुटलेला शब्द मात्र त्याला जन्मात कधी मागे घेता आला नाही, आणि त्यापायी बहिणीच्या घरी त्याचं जाणं बंद झालं.

झालं एवढंच. बहिणीच्या, वस्फियाच्या मुलाचा साखरपुडा होता. नवे व्याही पंगतीला बसलेले. अबू नाएफने मन्सफचा, म्हणजे दह्यातल्या मटण-भाताचा, पहिला घास घेतला आणि भर पंगतीत म्हणाला, "हे घरच्या जमीदचं नाही. दुकानातल्या डब्यातलं दही आहे." जमीद म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, करकची बाई ते कधी विकत आणत नाही, मग त्या जागी डब्यातलं दही तर सोडाच. बोलणं खरं होतं, म्हणून तर जिव्हारी लागलं. विधवा बहीण ताडकन म्हणाली, "माझं अन्न गोड लागेल तेव्हाच माझा उंबरा चढ!"

"नाहीच चढत!" म्हणून हा उठला.

घर दोन गल्ल्यांवर. ईदला बहिणीचा मान तो बायकोच्या हाती पाठवायचा. उलट तिच्याच हाती खजुराची बिस्किटं यायची, ती हा भिंतीकडे तोंड करून खायचा. दोघंही एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

त्या उन्हाळ्यात धाकट्या भावाची पंधरा वर्षांची लेक दीमा स्वीडनहून सुट्टीला आली आणि आत्याकडे उतरली. काकाला भेटायला यायचं तर तिने आधी फोन केला, "येऊ का?" करकमध्ये येण्याआधी कोणी विचारत नाही, म्हणून अबू नाएफची बायको उम्म नाएफ घाबरली. "कोण गेलं गं?"

पोरगी आली. अबू नाएफने वेलदोड्याची कडू कॉफी इवल्याशा पेल्यात ओतून तिच्या हाती दिली. तिने वास घेतला आणि ओठ न लावता पेला खाली ठेवला.

उम्म नाएफचा दुधी कोरणारा हात थांबला. काही मागायला आलेला माणूसच कॉफी अशी खाली ठेवतो, आणि मागणं मान्य झाल्याशिवाय पीत नाही, हे करकमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. अबू नाएफच्या मनात आलं, वस्फियाने पाठवलं हिला! नमली एकदाची! तो सावरून बसला.

"पी, पोरी. जे मागायला आलीस ते दिलं."

"खरंच, काका? मग थोडी साखर द्या ना."

उम्म नाएफ ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसली. दिलेला शब्द तो. बापजाद्यांच्या त्या कॉफीत साखर पडली. अबू नाएफला साखरेचं काही नव्हतं. तो एकटाच बराच वेळ दाराकडे बघत बसला.

स्वयंपाकघरात काकूने पोरीला सगळं सांगितलं, पेल्याचंही आणि पंगतीचंही. मग दीमा रोज येऊ लागली, आता फोन न करता.

"आमच्याकडे नको म्हटलं की ताट उचलतात," ती एकदा म्हणाली. "इथे नको म्हटलं की दुप्पट वाढतात. आणि निघते म्हटलं की खऱ्या गप्पा सुरू होतात."

"मग? दाराशी पोचलं म्हणून बोलणं संपवायचं?" अबू नाएफ म्हणाला.

"तुम्ही तर आत्याच्या दारापर्यंतही जात नाही, काका."

अबू नाएफ साखरेचं भांडं शोधायला उठला.

निघायच्या आदल्या दिवशी तिने पेला पुन्हा खाली ठेवला.

"साखर समोरच आहे," तो म्हणाला.

"साखर नको. आज आत्याकडे जेवायला चला."

"तिने पाठवलं तुला?"

"नाही. तिला ठाऊकही नाही."

अबू नाएफ मिशी चावत बसला.

"बघताय काय?" उम्म नाएफ म्हणाली. "पाहुणीची कॉफी निवतेय."

"...पी," तो शेवटी म्हणाला.

तिने कडू कॉफी एका घोटात संपवली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं केलं नाही.

तिघं पोचली तेव्हा वस्फिया डाव हातात घेऊनच दारात आली. भाऊ दिसला. रडणाऱ्यातली ती नव्हतीच.

"आलास? सांगून ठेवते, आजही डब्यातलंच आहे. या हातांना आता गोळे वळवत नाहीत."

त्याने पाहिलं. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती.

"कधीपासून?"

"त्या साखरपुड्याच्याही आधीपासून."

तो मुकाट्याने जेवला, मागून दुसऱ्यांदा घेतलं. मग तिने कॉफी आणली. त्याने पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. दीमा मुद्दामच साखरेच्या भांड्याकडे धावली, तर काकूने तिचं मनगट धरलं.

वस्फिया भावासमोर बसली. "माग," ती म्हणाली.

"तो शब्द," अबू नाएफ म्हणाला, "त्या दिवशीचा. मागे घेतो."

वाकड्या बोटांनी तिने पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"पी आता. निवली तर हीसुद्धा डब्यातली म्हणशील."